कांद्याचा भाव हाच रोजगाराचा आकडा

पिंपरी पेंढारला बेरोजगार माणूस शोधायचा म्हटलं तर अवघड आहे. नगर-कल्याण महामार्गावर ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं हे जुन्नर तालुक्यातलं गाव. इथं कुणालाही विचारा, काय करतोस? उत्तर येतं, शेती. तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगाही तेच सांगतो. खोटं नसतं ते. पहाटे पळून आल्यावर तो गवत कापतो, मोटार चालू करतो, कांदे भरायच्या दिवशी वडलांबरोबर गोण्या शिवतो. सरकारी पाहणीचा माणूस दारात आला तर तो या मुलाला रोजगारात धरणार, आणि नियमाप्रमाणे त्याचं चुकणारही नाही. वर्षाचा बराच काळ नोकरी शोधण्यात गेला तरी जोडकाम म्हणून तीस दिवस भरले की 'नेहमीच्या स्थिती'च्या मोजमापात माणूस कामावर आला. आठवड्याचं मोजमाप घेतलं तर सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम पुरतं.

म्हणून निवडणूक जवळ आली की टीव्हीवर बेरोजगारीच्या टक्क्यांवरून जी हमरीतुमरी होते, ती या गावावरून विमानासारखी निघून जाते. एक प्रवक्ता तीन टक्के म्हणतो, दुसरा आठ, आणि दोघांच्याही हातात छापील कागद असतो.

२०१९ ची गोष्ट आठवावी. लोकसभेच्या तोंडावर, जानेवारीत, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आयोगाने मान्यता दिलेला २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीचा अहवाल सरकारने दाबून ठेवला, ही त्यांची एक तक्रार. त्याच आठवड्यात अहवालातला आकडा वर्तमानपत्रात फुटला : बेरोजगारीचा दर ६.१ टक्के, पंचेचाळीस वर्षांतला सर्वांत जास्त. सरकारचं म्हणणं, हा कच्चा मसुदा आहे. निकाल लागले, मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला आणि ३१ मे रोजी अहवाल अधिकृतपणे बाहेर आला. आकडा तोच, ६.१.

आकडा लपवणं वाईटच, त्यावर वेगळं मत असायचं कारण नाही. पण त्या गदारोळात एक प्रश्न राहून गेला. ज्या देशात निम्म्याहून अधिक कामकरी स्वतःच्याच शेतावर, टपरीवर, रिक्षावर राबतात, तिथं बेरोजगारीचा एक टक्का नेमकं काय सांगतो? २०२३-२४ पर्यंत हाच दर ३.२ वर आला. सरकारपक्षाने तो मिरवला. त्याच पाहणीत स्वयंरोजगारातल्यांचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ५८ वर गेलं होतं, महिन्याच्या पगारावर असलेल्यांचं मात्र वाढलं नव्हतं. म्हणजे माणसं कामाला लागली ती बहुतेक आपल्याच घरी.

ही अडचण आपल्याकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी फार आधी ओळखली होती. मुंबई विद्यापीठातले प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० सालीच सांगितलं की भारतासारख्या देशात बेरोजगारीचा एकच गोळीबंद आकडा काढणं अर्थपूर्ण नाही. माणसं कुठल्या प्रकारच्या कामात आहेत, किती वेळ, कशाच्या बदल्यात, हे वेगवेगळं मांडा. पुढे १९७२-७३ पासून ज्या पाहण्या झाल्या त्या याच विचारातून. गंमत म्हणजे २०१९ चं 'पंचेचाळीस वर्षांतलं सर्वाधिक' हे मोजलं गेलं ते त्याच १९७२-७३ पासून. एकच आकडा नको म्हणून सुरू झालेल्या पाहणीतून आपण एकच आकडा उचलला आणि त्यावर निवडणूक लढलो.

आता जुन्नरच्या बाजारात या. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. कुणी महिन्यात कोटी कमावले याच्या बातम्या देशभर झाल्या. सप्टेंबरात भाव असा कोसळला की किलोला पाच रुपये मिळेनात, तोडणीची मजुरीही सुटेना. शेतकरी जुलैतही शेतावर होता, सप्टेंबरातही. पाहणीच्या भाषेत तो दोन्ही वेळा 'संकेतांक ११', म्हणजे स्वतःच्या हिमतीवर उद्योग करणारा. कारखाना बुडाला की कामगार बेकारीच्या रकान्यात जातो; वावर बुडालं तर शेतकरी आपल्याच रकान्यात बसून राहतो. त्याच्यावर आलेली मंदी बेरोजगारीच्या दरात कधीच उमटत नाही. ती उमटते मार्केट कमिटीच्या फळ्यावर.

शिरूर लोकसभेची २०२४ ची लढत या दृष्टीने पाहावी असं मला वाटतं. अमोल कोल्हे नारायणगावचे, शिवाजीराव आढळराव पाटील आंबेगावातल्या लांडेवाडीचे. शेजारच्या तालुक्यांतले दोघे, पाच वर्षांपूर्वीही हेच समोरासमोर. फरक एवढाच, की २०१९ ला आढळराव शिवसेनेचे होते आणि आता राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाचे. प्रचारात काय होतं? खासदार मतदारसंघात दिसले का, कुणी कुठला पक्ष कितव्यांदा सोडला, बैलगाडा शर्यत कुणामुळे सुरू झाली, पुणे-नाशिक रेल्वे कुठं अडली. रोजगाराचा टक्का कुणाच्या भाषणात असेलही, पण पारावर तो कुणी बोललं नाही.

पारावर बोललं गेलं ते कांद्याबद्दल. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. कोल्ह्यांनी डिसेंबरअखेर शिवनेरीवरून पुण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत शेतकरी आक्रोश मोर्चा काढला. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही चाळीस टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट लावून. शिरूरचं मतदान होतं १३ मे रोजी. नऊ दिवसांत कोण विसरणार? कोल्हे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास मताधिक्याने आले. निकालानंतर कांद्याने फटका दिला हे अजित पवारांनीही मान्य केलं.

मुंबई-पुण्याच्या चर्चांत याला 'शेतीचा प्रश्न' म्हणतात आणि 'रोजगाराचा प्रश्न' वेगळा काढून तो शहरी तरुणांना देऊन टाकतात. ही फाळणी मला पटत नाही. ओतूरच्या बाजारात दहा किलोला मिळणारा भाव हा इथल्या माणसाचा पगार आहे, आणि तो ठरवणारा कागद दिल्लीत निघतो. निर्यातबंदीची अधिसूचना म्हणजे काही लाख माणसांची एका रात्रीत झालेली पगारकपात. त्यावर मत देणारा माणूस रोजगारावरच मत देत होता.

पण इथंच थांबलं तर बागायतदाराची बाजू तेवढी सांगितल्यासारखं होईल. कांदा काढायला, टोमॅटो बांधायला पिकअप भरून जी माणसं येतात, ती तालुक्याच्या पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातली असतात, शेजारच्या अकोले तालुक्यातली असतात. ऊसतोडीला आणखी लांबून येतात. कांद्याला चाळीस रुपये आले म्हणून त्यांची हजेरी त्या प्रमाणात चढत नाही. भाव पडला की मात्र काढणीच टळते आणि हजेरी बुडते. 'कांदा हाच रोजगार' हे म्हणणं मालकाच्या तोंडी शोभतं. मजुराचा आकडा वेगळा आहे. तो भाषणात कोल्ह्यांकडेही फारसा नव्हता आणि आढळरावांकडेही.

मजुराचा हिशेब महाराष्ट्राने एकदा वेगळ्याच वाटेने केला होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावाला माती टाकायला माणसं गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात हा आकडा पन्नास लाखांच्या घरात पोचला. तो पाहणीतून आला नव्हता, मस्टरवरून आला होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती तिचं मर्म हेच, की बेकार कोण हे सरकारने ठरवायचं नाही. ठरलेल्या मजुरीवर जो काम मागायला येईल तो बेकार, आणि त्याला काम द्यायचं. १९७७ चा कायदा झाला, पैसा उभा राहिला त्यातला मोठा वाटा शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून. तो कर आजही पगारातून कापला जातो, कशासाठी सुरू झाला हे कापून घेणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक.

बायकांचा हिशेब तर याहून विचित्र आहे. पाहणीत 'संकेतांक ९२' म्हणजे फक्त घरकाम करणारी. ती श्रमशक्तीत धरली जात नाही. 'संकेतांक २१' म्हणजे घरच्या उद्योगात बिनपगारी मदत करणारी, ती रोजगारात. पिंपरी पेंढारची बाई सकाळी भाकरी करते, गोठा काढते, मग कांद्याची लागण, खुरपणी. विचारणाऱ्याने कसं विचारलं आणि ओट्यावर बसून उत्तर कुणी दिलं, तिने की तिच्या नवऱ्याने, यावर ती ९२ होते किंवा २१. देशात श्रमशक्तीतला स्त्रियांचा सहभाग २०१७-१८ च्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ ला ४१.७ वर गेला. सहा-सात वर्षांत एवढी उडी! खेड्यातल्या बायका खरंच जास्त राबू लागल्या, की आधीचंच राबणं आता नोंदलं जातंय? दोन्ही थोडंथोडं असावं. पण जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेच्या हवाल्याने तीन-चार वर्षांत आठ कोटी नवे रोजगार झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्या कोटींत या बिनपगारी बायाही होत्या. त्यांच्या हातात एक रुपया पडला नाही आणि त्या एका भाषणाचं यश झाल्या.

हे काम जिवावरचंही आहे. २०२४ साली पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बायका गेल्या. त्यानंतर शेताला दिवसा वीज द्या ही मागणी पुन्हा जोरात आली, कारण रात्रीच्या पाळीला पाणी भरायला माणूस उसात उतरतो. कामाच्या ठिकाणची सुरक्षितता हा विषय कारखान्याच्या गेटवर कामगारांचा प्रश्न ठरतो. इथं तो वनखात्याचा ठरतो.

शिरूरच्या याच लोकसभा मतदारसंघात चाकण आहे, भोसरी आणि हडपसरही. जुन्नर-आंबेगावची पोरं चाकणला 'कंपनीत' असतात, म्हणजे बहुतेक ठेकेदाराकडे. सहा-सात महिने झाले की ब्रेक. पाहणीत हा नियमित पगारदार, सगळ्यांत वरचा वर्ग. पण शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी सुमारे ५८ टक्क्यांकडे नोकरीचा लेखी करार नाही, हेही तीच पाहणी सांगते. विरोधकांनी हे वाक्य उचलायला हवं होतं. त्यांना त्यापेक्षा वेदांता-फॉक्सकॉन बरं वाटलं. तो तळेगावचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला आणि 'लाखभर नोकऱ्या गेल्या' हे पुढच्या दोन्ही निवडणुकांत गाजलं. न आलेल्या कारखान्यातल्या न झालेल्या नोकऱ्या मोजायला सोप्या असतात, त्यांना ठेकेदार नसतो. सत्ताधाऱ्यांचं उत्तरही तसलंच : सहा महिन्यांची प्रशिक्षण योजना, महिना सहा ते दहा हजार. विधानसभेनंतर त्या मुलांनी मुदत वाढवा म्हणून आंदोलनं केली.

पोरांना नेमकं काय हवं हे कळायला पाहणीची गरजच नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, हजार-नऊशे रुपये फी भरून. त्यातले किती जण सरकारदप्तरी शेतीत गुंतलेले असतील? डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. पण मुलीचा बाप, जो स्वतः शेतकरीच असतो, तो जावयाच्या बायोडेटात जे शोधतो ते कुठल्याही अर्थमंत्र्याच्या निवेदनापेक्षा चोख असतं. जमीन हवी, पण नोकरीही हवी. वीस एकर बागायत असलेल्या मुलापेक्षा पुण्यात पंचवीस हजारांवर असलेला मुलगा पसंत पडतो, कारण पंचवीस हजार पुढच्या महिन्यातही पंचवीस हजारच असतात.

म्हणून उमेदवार गावात आला तर त्याला बेरोजगारीचा टक्का विचारू नये. त्यावर त्याचं काही चालत नाही आणि तो पाठ करून आलेला असतो. चाकणला ब्रेक न देता किती जणांना कायम केलं, हे कामगार खात्याकडून काढून आणशील का? रोजगार हमीचं काम मागणाऱ्याला पोच मिळते का? निर्यातीचा निर्णय फिरवायचा असेल तर लागणीच्या आधी कळेल का? ही विचारायची गोष्ट. याची उत्तरं पाठ करून येता येत नाहीत.

२०२५ पासून श्रमबल पाहणीचे आकडे दर महिन्याला येऊ लागले आहेत आणि नमुना काढताना जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. चांगलंच आहे. आणखी काही वर्षांनी पुणे जिल्ह्याचा वेगळा दर वाचायला मिळेल कदाचित. त्यात हिंजवडीतला संगणक अभियंता असेल, चाकणचा ठेक्यावरचा पोरगा असेल, आणे पठारावर पावसाची वाट बघणारा शेतकरी असेल आणि पश्चिम जुन्नरमधून पहाटे पिकअपमध्ये चढणारी मजूर बाई असेल. चौघांची मिळून एक टक्केवारी निघेल, दशांश चिन्हानंतर एका आकड्यापर्यंत, आणि पुढच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचे प्रवक्ते ती हातात घेऊन उभे असतील.