अन्सारांचे कर्ज

आम्ही वर्गात हिजरत शिकवतो, तेव्हा मुहाजिरांइतकेच मदिनेच्या अन्सारांविषयी बोलतो. ग्रीसचे लेस्बॉस बेट हाच धडा पुन्हा समोर ठेवते. १९२३ च्या लोझान कराराने माणसांची अदलाबदल धर्म पाहून ठरवली. बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात गेले, तिकडचे ख्रिस्ती निर्वासित इथे वसले. मितिलिनीची येनी मशीद ओस पडली.

२०१५ मध्ये त्याच समुद्रातून सीरियन, अफगाण निर्वासित आले. जुन्या निर्वासितांच्या नातवंडांनी त्यांना किनाऱ्यावर ओढून घेतले, जेवू घातले. पुढे मोरिया छावणी तुंबली, बेटावर संताप वाढला. सप्टेंबर २०२० मध्ये छावणी जळाली, तेव्हा तिच्यात १२ हजारांवर माणसे होती.

आजोबांचे दुःख नातवाला किती काळ बांधते? आम्हांला वाटते, आठवण फक्त कर्जाची जाणीव देते. फेड प्रत्येक पिढीला स्वतः करावी लागते. मात्र सारे ओझे एका बेटावर टाकून दूर बसलेल्यांनी त्याच्याकडे जाब मागू नये.