बिनमताची खुर्ची

चांगल्या कामाला नियमावर बोट ठेवून अडवणारा कारकून आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सिनेमात त्याच्यावर हसतात, ऑफिसच्या खिडकीसमोर त्याला शिव्या घालतात. पन्नाशीत मी स्वतः तोच कारकून झाले आहे, म्हणून त्याची बाजू मांडून बघते.

वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढल्यावर मी इंग्लंडमधल्या दोन खेड्यांच्या पॅरिश कौन्सिलची क्लार्क झाले. पॅरिश कौन्सिल म्हणजे तिथल्या कारभाराची सगळ्यात खालची पायरी. आपल्या ग्रामपंचायतीची लांबची बहीण म्हणा. 1894 च्या कायद्याने ती जन्माला आली आणि खेड्याचा कारभार चर्चच्या मंडळाकडून तिच्याकडे आला. खेळाचं मैदान, दफनभूमी, रस्त्याकडेची बाकडी असली कामं. सदस्य बहुतेक बिनपगारी, क्लार्क पगारी. मी अजेंडा काढते, हिशोब ठेवते, मिनिट्स लिहिते, कायद्यात काय बसतं ते सांगते. मत मात्र मला नाही.

एका जानेवारीत गावच्या हॉलचा बॉयलर बंद पडला. संध्याकाळी तिथे मुलांचा क्लब भरतो. मंगळवारच्या मीटिंगमध्ये एका सदस्याने विषय काढला: दोन हजार पौंड आत्ताच मंजूर करू. सगळ्यांच्या माना हलल्या. विषय अजेंड्यावर नव्हता. 1972 च्या कायद्याप्रमाणे मीटिंगची आणि तिच्यातल्या विषयांची सूचना पूर्ण तीन दिवस आधी लागावी लागते. त्यात रविवारही धरत नाहीत. मी म्हटलं, आज ठराव करता येणार नाही.

आपल्याकडे ग्रामपंचायतीचा सचिव जिल्हा परिषदेने नेमलेला असतो. इथे क्लार्कला कौन्सिलच नेमते. म्हणजे ज्यांना ‘नाही’ म्हणायचं, तेच माझा पगार देतात. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “पण गावात सगळ्यांना माहीत आहे.”

मी या ‘सगळ्यांना’वर अडले. सगळे म्हणजे कोण? पबमध्ये भेटणारे, एकमेकांच्या लग्नाला गेलेले. मी या गावात राहायला आले तेव्हा त्या ‘सगळ्यांत’ नव्हते. गावात काय चाललंय हे मला कळायचं ते फलकावरच्या कागदावरून. आपल्या गावांतही ‘सर्वानुमते’ लिहिलेल्या ठरावात कितीजण नसतात, हे वेगळं सांगायला नको. ज्याची ओळख आहे त्याला नोटिशीची गरज पडत नाही. ती असते ज्याला कोणी फोन करणार नाही त्याच्यासाठी.

तरीही मुलांना थंडी वाजत होती हे खरंच. नियमाची किंमत नियम सांगणारा क्वचितच मोजतो. ती दुसरंच कोणीतरी मोजतं. म्हणून मला वाटतं, कारकुनाची परीक्षा ‘नाही’ म्हणण्यात नाही, ‘नाही’नंतर तो काय करतो त्यात आहे. फाईल बंद करून घरी गेला, तर नियम ही त्याची ढाल. कायद्यातूनच दुसरी वाट शोधत बसला, तर ते त्याचं काम. अध्यक्षांना विशेष मीटिंग बोलावता येते. बुधवारी सकाळी मी सूचना फलकावर लावली. मधे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सोमवारी मीटिंग.

सोमवारी लोकांसाठी मांडलेल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. ठराव दोन मिनिटांत झाला. एक सदस्य हसून म्हणाला, “बघ, कोणीच आलं नाही.”

मग सूचना वाया गेली का? मला तसं वाटत नाही. मंगळवारी लोक नव्हते, कारण त्यांना विचारलंच नव्हतं. सोमवारी नव्हते, कारण त्यांना यायचं नव्हतं. मिनिट्समध्ये दोन्हींची नोंद सारखीच दिसते: उपस्थित नागरिक, शून्य. पण पहिला शून्य आपण त्यांच्या वतीने लिहिलेला असतो, दुसरा त्यांनी स्वतः. या दोन शून्यांतला फरक सांभाळायला गावात एक माणूस लागतो, आणि त्याला मत नसलेलंच बरं.