गणपतीच्या मंडपातले प्रल्हाद शिंदे

गणपतीच्या दिवसांत ठाण्यापासून कल्याणपर्यंत गल्लोगल्ली वाजणाऱ्या आवाजांत प्रल्हाद शिंदे यांचा आवाज हमखास असतो. 'तूच सुखकर्ता' लागलं की आरास अर्धी असली तरी उत्सव सुरू! मंगळवेढ्याचा, 1933 चा जन्म. पुढे ते कल्याणचे झाले आणि 2004 मध्ये गेले. हा गळा तापला तो कव्वालीच्या मुकाबल्यांत आणि भीमगीतांत. 1956 च्या बौद्ध धर्मांतरात ज्या समाजाने गौरी-गणपतीची पूजा न करण्याची प्रतिज्ञा घेतली, त्याच समाजाचा हा लाडका गायक. मला यात विसंगती दिसत नाही.

अमेरिकेतल्या सोल संगीताची वाट उलटी होती. 1954 च्या सुमारास रे चार्ल्स यांनी चर्चमधली गायकी प्रेमगीतात आणली, तेव्हा धार्मिक मंडळी खवळली. अरेथा फ्रँकलिन तर धर्मोपदेशकाचीच मुलगी. तिथे देवापुढचा सूर बाजारात उतरला. इथे बिगरदेवाच्या मंचावरचा सूर देवापुढे जाऊन उभा राहिला. जागा बदलली, सुराने आपली धार सोडली नाही.

मुकाबल्यात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागतो, समोरच्याला सवाल टाकावा लागतो. शिंदे भक्तिगीतातही तेच करतात. 'आता तरी देवा मला पावशील का' ऐका. विनवणी आहे, पण गयावया नाही. थकलेली मजुरी मागायला आलेल्या माणसाचा तो स्वर आहे. दत्ता पाटील यांचं, मधुकर पाठक यांनी चाल लावलेलं 'पाऊले चालती पंढरीची वाट' निघतं तेही दारिद्र्याने गांजलेल्या घरातून. ती भूक भीमगीताला परकी नाही.

असा आवाज स्वीकारणं सोपं गेलं. कॅसेट विकत घेताना कोणी गायकाची जात विचारत नाही. (माणूस घरी जेवायला बोलवायचा असता, तर काय झालं असतं कोण जाणे.) पण शहराच्या संगीतपरंपरेचा विषय निघाला की कल्याण गायन समाज आठवतो, ठाण्याचे पं. राम मराठे आठवतात. आठवायलाच हवेत. शिंद्यांचं नाव मात्र 'लोकसंगीत' या वेगळ्या खणात पडतं.

मुलगे आनंद आणि मिलिंद, नातू आदर्श. 'दुनियादारी'तलं (2013) 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' आदर्श गातो तेव्हा देवाशी तोच रोखठोक व्यवहार ऐकू येतो. घराण्याला निदान तीन पिढ्या लागतात, असा गाण्यातला जुना दंडक. तो इथे केव्हाच पुरा झाला. तरी शिंद्यांना त्या पंक्तीला बसवायचं कुणाच्या मनात येत नाही.