करावे तसे भरावे

एचआयव्हीच्या रोग्याविषयी आमच्या वर्तकनगरात ही म्हण फार सहज वापरली जाते. भरणे आले म्हणजे वसूल करणाराही आला. तो कोण, हे पाहावे म्हणून मी त्या विषाणूचा संसार न्याहाळला. आरएनएचे दोन धागे, प्रत्येकावर सुमारे ९,५०० अक्षरे, जनुके अवघी ९. पेशीत शिरल्यावर तो धाग्याची डीएनएत नक्कल करून आपल्याच गुणसूत्रात ठाण मांडतो. तेथून नवा आरएनए लिहिला जाऊ लागतो, पण लेखणी आरंभीच अडखळते. मग ‘टॅट’ नावाचे प्रथिन धाग्याच्या तोंडाशी असलेल्या वळशाला बिलगते, पेशीचीच मदतनीस प्रथिने ओढून आणते, आणि लेखन तडीस जाते. ‘रेव्ह’ अखंड धागे केंद्रकाबाहेर नेते. ‘गॅग’ पेशीतल्या आरएनएच्या गर्दीतून नेमके दोन स्वकीय धागे उचलते.

सारा आकारांचा मेळ! रक्त सज्जनाचे की दुर्जनाचे, हे विचारणारे प्रथिन यात एकही नाही. आईकडून तान्ह्याला लागण झाली, तरी टॅट त्याच वळशाला बिलगते. त्या तान्ह्याने काय केले होते? पूर्वजन्माचे उत्तर मला पटत नाही. ते आपल्या सोयीचे आहे.

मद्रासच्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी १९८६ मध्ये भारतातले पहिले बाधित शोधले आणि पुढे २०१५ पर्यंत, आयुष्यभर, अशांवरच उपचार केले. आज नियमित औषधाने विषाणू मोजता न येण्याइतका दबला, की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. एकत्र चहा पिण्याने तर ती कधीच होत नव्हती. तरी आमच्या ओळखीच्या एका घरात धाकट्या दिराची कपबशी वेगळ्या फळीवर असते.