खाटेखालचा मोती



यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने कुत्रा आणला. विकतचा नव्हे, प्राण्यांच्या निवाऱ्यातून. वय दोनेक वर्षे, एका कानाला नसबंदीची खाच. धाकट्या मुलीने प्रथम कम्युनियनची भेट म्हणून तोच मागितला होता. नाव ठेवले मोती. हे सारे मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे.

मोती घरात शिरला तो थेट आजीच्या खाटेखाली गेला. तीन दिवस तिथेच. अन्नाला तोंड लावीना, रात्री केकाटे, मुलांनी हात पुढे केला की गुरगुरे, आणि घाणही लादीवरच करी. चौथ्या दिवशी मुलांचे वडील माझ्याकडे आले. "फादर, हा काही माणसाळायचा नाही. परत नेऊन दिला तर पाप लागेल का?" मी एका लग्नाच्या मिस्साच्या गडबडीत होतो. "जमत नसेल तर द्या," म्हणालो आणि आत निघून गेलो. अर्ध्या मिनिटात मी एका जिवाचा निकाल लावून टाकला.

रात्री ते बोलणे टोचू लागले. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि तो त्यांना नावे देतो. नाव देणे म्हणजे त्या जिवाशी नाते जोडणे, त्याची जबाबदारी घेणे, असे मीच धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. आपण मात्र जनावराला नाव ठेवतो आणि चार दिवसांत त्याला नावे ठेवू लागतो.

सकाळी माझे शब्द मागे घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. पण तिथे माझ्याआधीच आजीचा निकाल लागला होता. "फादर, मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा पंधरा दिवस धड जेवले नव्हते. मला कुणी परत नेऊन सोडलं नाही." यावर मी काय बोलणार?

आजीने काय केले? काहीच नाही. रोज संध्याकाळी खाटेशेजारी चटई टाकून ती रोझरी म्हणत बसली. मोतीकडे पाहिलेही नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी तिसऱ्या दशकाच्या सुमारास एक नाक बाहेर आले. आठवडा गेला आणि नाकामागून मोतीही आला. आजी म्हणते, 'नमो मरिया' इतक्या वेळा ऐकल्यावर कुणाचीही भीती जाईल!

पुढे ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सांगितले ते साधेच आहे, पण आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. नव्या घरात पहिले तीन दिवस निव्वळ भीतीचे असतात. घराची रीत कळायला तीन आठवडे लागतात आणि हे घर आपले वाटायला तीन महिने. हा ढोबळ हिशेब. एखाद्याला जास्तही लागतात. तोवर त्याला एक कोपरा, एक गोणपाट आणि पाण्याचे एक भांडे ठरवून द्यावे. जेवण ठरल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाच्या हातून. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बघायला बोलावू नये. ओढून बाहेर काढू नये, मारू तर नयेच. कांदा-लसणाचे कालवण, चॉकलेट आणि कोंबडीची शिजवलेली हाडे देऊ नयेत. रेबीजची लस चुकवू नये. (आपल्या सणाच्या आदल्या रात्री आपण जे फटाके लावतो, त्याविषयी मी वेगळे लिहीन. काही जण रागावतील.)

टोबितच्या पुस्तकात तरुण टोबियास राफाएल दूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा असतो. तो काही चमत्कार करीत नाही, कुणाला वाचवीत नाही. जाताना बरोबर असतो आणि परत येतानाही बरोबर असतो, एवढेच शास्त्र सांगते. पण तेवढे सांगायला मात्र ते विसरत नाही. दूत सोबत असूनही कुत्र्याला कुणी घरी हाकलले नाही, हे मला फार आवडते.

कुणी विचारील, फादर, माणसे उपाशी असताना कुत्र्याचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण दोन्ही बाजू सांगते: प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, आणि गरिबांच्या वाट्याचा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापणाऱ्यांनी दुसरे वाक्य पुन्हा वाचावे. पण मोतीला केक नको होता, वेळ हवा होता. आणि ज्यांना तो देता येणार नाही, त्यांनी मुलांच्या हट्टापायी प्राणी आणूच नये. आणून मग रस्त्यावर उपाशी सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे.

४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणानिमित्त, संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात प्राण्यांना आशीर्वाद देण्यात येईल. कुत्रे साखळीला बांधून व मांजरे टोपलीत घालून आणावीत. मोती येईल की नाही, अजून ठरलेले नाही. आजी म्हणते, गर्दी त्याला सोसत नाही. तो ओटीवरच थांबला तरी चालेल. पवित्र पाणी घेऊन मी दुसऱ्या दिवशी तिकडे जाईन.

आपला,
धर्मगुरू