साखळीतला नवा हात

कबड्डीच्या मैदानात प्रेक्षकाची दृष्टी स्वभावतःच चढाईपटूच्या मागे जाते. मध्यरेषा ओलांडून एकटा माणूस सातजणांच्या अंगणात शिरतो, ओठांवर एकाच शब्दाचा अखंड जप, पायांत चापल्य, आणि परतीची वाट पावलागणिक अधिक अनिश्चित होत जाणारी. एवढे नाट्य एका देहात एकवटलेले असताना डोळ्यांनी दुसरीकडे पाहावे तरी कशासाठी? तारुण्यात मीही तेवढेच पाहिले. वय उतरणीला लागले तशी माझी नजर मात्र पलीकडच्या सातजणांवर स्थिरावत गेली. कोपऱ्यात किंचित वाकून उभा असलेला रक्षक, त्याच्या बोटांत बोटे गुंतवून उभा असलेला शेजारी, आणि त्या साऱ्यांच्या शरीरांतून वाहणारी एक मूक सावधता मला दिसू लागली. आक्रमणाचे सौंदर्य क्षणात कळते; प्रतीक्षेचे सौंदर्य कळायला आयुष्याचा बराच भाग खर्ची पडावा लागतो.

पकड ही मुळात काळाची कला आहे. मातीवरच्या जुन्या हुतूतूत काळ मोजण्याचे साधन श्वास हेच होते; दम तुटला की चढाई सरली. आता मॅटवर 30 सेकंदांचे घड्याळ श्वासाच्या जोडीला येऊन बसले आहे. पण साधन बदलले तरी सत्य तेच राहिले : सरणारा प्रत्येक क्षण चढाईपटूचा घटतो आणि रक्षकाच्या बाजूने जमा होतो. म्हणून चांगला रक्षक धावत नाही, तो थांबतो. समोरच्याचा तोल कोणत्या पायावर आहे, हात लावण्याच्या मोहात त्याने पाऊल किती पुढे टाकले, परतायला तो केव्हा वळणार, हे सारे तो डोळ्यांनी नव्हे, सर्वांगाने वाचतो, आणि मग निमिषार्धात घोट्यावर झेपावतो. ही झेप क्षणभर आधी घेतली तर निसटलेल्या पायाबरोबर गुणही जातो. क्षणभर उशिरा घेतली तर मध्यरेषेपलीकडे पोचलेल्या बोटांना अडवायला काहीच उरत नाही. वीस वर्षांच्या रक्ताला सर्वांत कठीण जाणारी गोष्ट हीच. त्याला पराक्रम येतो, वेदना सोसता येते; थांबणे मात्र त्याला शिकावे लागते, आणि ते एकट्याने शिकता येत नाही.

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावर संध्याकाळी वाहनांची वाट पाहत उभ्या राहिलेल्या माणसांच्या बोलण्यात, नवख्याला पकडीत केव्हा उतरवायचे, हा प्रश्न मला अनेकदा भेटला आहे. मंठ्याकडून येणारे, जिंतूरला जाणारे, सेलूच्या बाजाराहून परतणारे लोक हॉटेलच्या बाकड्यावर टेकतात आणि टीव्हीवर कबड्डी चालू असली तर बोलणे आपोआप आपापल्या गावच्या संघाकडे वळते. तक्रार बहुधा एकच असते. चढाया करणारी पोरे गावात पुष्कळ आहेत, पकड मात्र ढिली पडली आहे. वर्षानुवर्षे डावा कोपरा सांभाळणारा गडी पुण्याकडे कारखान्यात लागला, दुसऱ्याचा गुडघा गेला, तिसरा कोयता घेऊन ऊसतोडीला गेला की तो थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणार. "कोपऱ्यात लावायचं कुणाला?" असे कुणीतरी विचारते. एखाद्या पोराचे नाव निघते आणि लगेच दुसरा मान हलवतो : "पोरगं चांगलं हाय, पण अजून कच्चं हाय. मोठ्या सामन्यात उतरलेलं नाही." त्या वाक्यात काळजी आहे, शहाणपणही आहे, परंतु त्यात एक गाठ आहे, जी तर्काने सुटत नाही. जो उतरलेला नाही त्याला उतरवायचे नाही, असा नियम केला तर मैदानात कुणीच, कधीच उतरणार नाही. आज ज्यांच्या अनुभवाची आपण साक्ष काढतो तेही एका दुपारी, कुणाच्या तरी पुराव्याविना ठेवलेल्या विश्वासावर, रेषेच्या आत आले होते.

हा पेच एकट्या आपल्या मातीचा नाही. अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारी एक फळी असते. ती दुबळी असली की त्याला निवांतपणे नेम धरता येतो आणि मागची सारी बचावरचना उघडी पडते. अशी फळी पुन्हा उभी करायची तर तिथले संघही महाविद्यालयांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, व्यावसायिक मैदान न पाहिलेल्या तरुणांकडे वळतात. त्यांच्या वार्षिक निवडीतला एक संकेत मला फार अर्थपूर्ण वाटतो : आदल्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा हक्क मिळतो. कबड्डीतही मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना साधलेल्या पकडीला एकाऐवजी दोन गुण दिले जातात, आणि आपण तिला अव्वल पकड म्हणतो. दूरदूरच्या दोन भूमींवर नियम करणाऱ्यांना एकच गोष्ट उमगली असावी, की जिथे उणीव आहे तिथेच नव्याला जागा मिळते. भरलेल्या घराला तरुणांची गरज भासत नाही. रिकामा कोपराच त्यांना हाक मारतो.

नव्याविषयीचा संशय खेळापुरता नाही आणि आजचाही नाही. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत भास, सौमिल्ल, कविपुत्र अशा ख्यातकीर्त नाटककारांना बाजूला सारून एका वर्तमान कवीची कृती का सादर करता, असा प्रश्न येतो, आणि सूत्रधाराला त्या नव्या कवीची बाजू मांडावी लागते. तो कवी कालिदास होता. ज्याच्या नावाने आज आपण इतरांना मोजतो, त्यालाही एके काळी रंगमंचावर येण्याआधी स्वतःच्या नवेपणाचे समर्थन करावे लागले, ही गोष्ट मला जितकी दिलासा देणारी तितकीच अंतर्मुख करणारी वाटते. कारण कालिदासाला सूत्रधार लाभला. ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी सूत्रधार उभाच राहिला नाही, अशा किती प्रतिभा नेपथ्यातच विरून गेल्या असतील, याचा हिशेब इतिहासाजवळ नसतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून 'परभणी मोती' किंवा 'परभणी शक्ती'सारखा ज्वारीचा वाण शेतकऱ्याच्या हाती येतो, तेव्हा त्यामागे प्रयोगाच्या वाफ्यांतली अनेक हंगामांची चाचणी उभी असते. आणि तरीही ते बियाणे कोरडवाहू रानात, त्या वर्षीच्या पावसाच्या भरवशावर पडते तेव्हा त्याची खरी परीक्षा नव्याने सुरू होते. माणसाच्या बाबतीत तर वाफा आणि रान असा भेदच उरत नाही. सरावात शंभरदा साधलेली घोट्याची पकड सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला साधेल की नाही, हे सरावाला सांगता येत नाही. भीतीची तालीम करता येत नाही, आणि म्हणून धैर्याचीही येत नाही. माणूस प्रत्यक्ष प्रसंगातच प्रथम स्वतःला भेटतो, आणि त्या भेटीच्या वेळी आसपास कोण उभे आहे यावर पुष्कळ अवलंबून असते.

पुणेरी पलटणची अलीकडची वाटचाल मी याच दृष्टीने आठवतो. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम 2021च्या डिसेंबरात बंगळुरूला सुरू झाला, तोही साथीच्या सावटाखाली आणि प्रेक्षकांविना. पलटणकडे त्या वेळी राहुल चौधरी, नितीन तोमर यांच्यासारखी गाजलेली नावे होती. पण हंगाम पुढे सरकत गेला तसा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या नवोदितांच्या खांद्यांवर येत गेला. रिकाम्या सभागृहात, टाळ्यांच्या आधाराविना या मुलांनी आपली पहिली परीक्षा दिली. संघ बाद फेरीत हरला. तरीही व्यवस्थापनाने त्या कोवळ्या गाभ्यालाच धरून राहण्याचे ठरवले. पुढच्या हंगामात बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि जयपूरकडून चार गुणांनी हरली. त्यानंतरच्या हंगामात अबिनेश नादराजन आणि गौरव खत्री हे तरुण रक्षक उजवी बाजू सांभाळत होते आणि इराणहून आलेला मोहम्मदरेझा शादलुई डाव्या कोपऱ्यात उभा होता. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. इतक्या कमी गुणांचा अंतिम सामना म्हणजे रक्षकांनी लिहिलेला सामना. मला त्या विजयाहून त्याआधीचे दोन पराभव अधिक मोलाचे वाटतात; कारण विजयानंतर विश्वास ठेवायला काहीच लागत नाही, पराभवानंतर तो टिकवायला मात्र फार मोठे मन लागते.

त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार टाकळीभानचा. आणि टाकळीभानहून नेवासे फार दूर नाही. मन असे एका गावावरून दुसऱ्या गावी सहज जाते, आणि शतकेही ओलांडते. परंपरेने मानलेल्या कालगणनेनुसार 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा ज्ञानदेव अवघे पंधरा वर्षांचे होते. पैठणच्या धर्मपीठाने ज्ञानदेव आणि त्यांच्या भावंडांकडे शुद्धिपत्राच्या निमित्ताने पात्रतेचा पुरावा मागितला, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्यांनी ज्ञानदेवांकडे कोणताही पुरावा न मागता गीतेचा अर्थ सांगण्याची आज्ञा केली, ते गुरू निवृत्तिनाथ स्वतः केवढे होते? धाकट्या भावाहून दोनच वर्षांनी मोठे. आधार देणाऱ्या हाताला पांढऱ्या केसांची अट नसते. शादलुईचेच पाहा, त्या हंगामात 99 गुण पकडींतून मिळवणारा तो आधारस्तंभ स्वतः अजून पंचविशीलाही पोचला नव्हता. अनुभव म्हणजे सरलेली वर्षे, हा आपला समज किती अपुरा आहे! दुसऱ्याच्या भीतीच्या क्षणी स्वतः स्थिर राहता येणे, एवढाच कदाचित त्याचा खरा अर्थ.

आणि तरीही तरुणांना पुढे धाडण्याच्या कोणत्याही उत्साहात अभिमन्यूचे स्मरण सुटू नये. कबड्डीचे मूळ चक्रव्यूहात शोधणारी लोककल्पना प्रसिद्ध आहे. तिच्यात अभिमन्यू हा आद्य चढाईपटू ठरतो. पण द्रोणपर्व पुन्हा वाचताना माझे मन त्याच्या शौर्यापेक्षा त्याला दिलेल्या वचनापाशी अडखळते. व्यूह भेदता येतो, बाहेर पडता येत नाही, हे त्या सोळा वर्षांच्या मुलाने लपवले नव्हते. आपली उणीव त्याने वडीलधाऱ्यांसमोर स्पष्ट मांडली होती. तू वाट कर, आम्ही तुझ्या मागोमाग आत येतो, असे युधिष्ठिराने आणि भीमाने सांगितले, आणि त्या शब्दावर तो गेला. जयद्रथाने मागच्यांना दारातच रोखले. त्या दिवशीचा अनर्थ अननुभवी मुलाला पाठवल्यामुळे झाला, असे मला वाटत नाही. त्याने तर आपले काम चोख केले. अनर्थ झाला तो त्याच्या मागची साखळी तुटल्यामुळे. कोवळ्या वयाच्या अपयशांची शहानिशा करताना आपण बहुधा कोवळ्या वयालाच दोषी ठरवतो, आणि मागोमाग येण्याचे वचन कुणी दिले होते, हे विचारायचे राहून जाते.

साखळी हा शब्द कबड्डीत अक्षरशः घ्यायचा असतो. कोपरारक्षक आणि त्याच्या आतला गडी एकमेकांचा हात धरून उभे राहतात. नवख्या मुलाला बहुतेक वेळा जाणत्याच्या शेजारी लावतात. प्रशिक्षकाने बाहेरून कितीही ओरडून सांगितले तरी जे पोचत नाही ते या दोन तळहातांमधून पोचते. चढाईपटू हुलकावणी देतो, मुलाचे अंग झेप घेण्यासाठी ताठरते, आणि शेजारचा हात किंचित आवळून त्याला सांगतो : अजून नाही. पुन्हा हुलकावणी, पुन्हा तोच दाब. मग एका क्षणी तो दाब सैल होतो, आणि मुलाला कळते की आता. परंपरा म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते? ग्रंथ, नियम, उपदेश यांना तिचे श्रेय आपण देतो. परंतु मूर्तिकाराची छिन्नी असो, गवयाचा स्वर असो की सुईणीची बोटे, विद्येचा सर्वांत सूक्ष्म भाग नेहमी असाच, एका देहातून दुसऱ्या देहात, शब्दाविना उतरत आला आहे. आणि हे दान एकतर्फी नसते. जाणत्या हाताला संयम असतो, पण त्याची धार बोथटत चाललेली असते. नवख्या हाताच्या उष्णतेने तोही पुन्हा जागा होतो.

म्हणून दुबळ्या पडलेल्या बचावाला नवी मुले लावावीत की नाही, हा प्रश्न मला आता मुलांविषयीचा वाटत नाही. तो त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्यांविषयीचा आहे. गावोगावच्या संघांत, आणि संघाबाहेरच्या कितीतरी क्षेत्रांत, आपण तरुणांना संधी देतो तेव्हा ती बहुधा उसनी असते. पहिली झेप फसली की आपण ती व्याजासकट परत मागतो आणि मुलाला बाकड्यावर बसवतो. पण पहिली झेप फसणारच आहे. थांबण्याची विद्या फसलेल्या झेपांतूनच येते, आणि ती येईपर्यंत गेलेले गुण ही त्या विद्येची दक्षिणा आहे. ती मुलाने एकट्याने नव्हे, सातहीजणांनी मिळून द्यायची असते. ज्याला जागा दिली त्याला चुकण्याइतका अवकाशही दिला, तरच ती जागा त्याची होते. हे औदार्य दुर्मिळ आहे, कारण त्याचे फळ देणाऱ्याच्या हंगामात येईलच असे नाही. परंतु आपल्यापैकी जो कुणी आज कशातही पारंगत आहे, त्याच्या पहिल्या चुकीनंतर कुणीतरी त्याचा हात सोडला नव्हता. आणि ते ऋण मागे वळून फेडता येत नाही, पुढच्याचा हात धरूनच फेडावे लागते.