मार्काला पुन्हां बरोबर घ्यावें काय?

खेड्यांतील मंडळीला नवा पाळक मिळतो तेव्हां बहुधा असें घडतें. सेमिनरींतून नुकताच बाहेर पडलेला पंचविशींतील तरुण आपली ट्रंक घेऊन एस. टी.तून उतरतो. मंडळीचे वडील त्याच्या हातीं मंदिराची किल्ली, बाप्तिस्म्यांची व लग्नांची नोंदवही आणि आसपासच्या चार-पांच गांवांचीं नांवें देतात. जुने पाळक आठ दिवस आधींच दुसऱ्या ठिकाणीं रुजू झालेले असतात. या तरुणाला ग्रीक क्रियापदें चालवितां येतात, उपदेशाचे भाग पाडतां येतात. परंतु प्रभुभोजनाच्या दिवशीं भावकीचीं दोन घरें एकमेकांशेजारीं बसावयास तयार नसलीं तर काय करावें, ज्या घरीं काल मूल दगावलें तेथें गेल्यावर काय बोलावें किंवा मुळींच बोलूं नये, वर्गणी थकलेल्या विधवेकडे वही घेऊन जावें कीं नुसता चहा पिऊन परत यावें, हें त्याला कोणत्या पुस्तकांत सांपडणार? ज्याला तें येतें त्याच्या मागोमाग चालूनच तें शिकावें लागतें. सुताराचा मुलगा रंधा धरावयास पुस्तकावरून शिकत नाहीं.

एवढें कोणालाही मान्य होईल, आणि म्हणून त्याविषयीं अधिक लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. अडचणीचा प्रश्न पुढेंच आहे. ज्येष्ठानें कनिष्ठाला हाताखालीं घ्यावें, हें खरें. पण किती जोखीम पत्करून? कनिष्ठ हुशार निघाला व लोक त्याचेंच ऐकूं लागले तर? आणि तो भर कामांत पाठ फिरवून घरीं निघून गेला, तर त्याला दुसऱ्यांदा बरोबर घ्यावें काय? आरंभींच्या मंडळींत हे तिन्ही प्रश्न एकाच मनुष्यापुढें आले. तो मनुष्य म्हणजे कुप्रांतील लेवी योसेफ, ज्याला प्रेषितांनीं बर्णबा हें नांव दिलें. त्यानें लिहिलेलें एकही पत्र आपल्या नव्या करारांत नाहीं, त्याचा एकही उपदेश आपल्याला पाठ नाहीं, आणि म्हणूनच कदाचित् तो आपल्या व्यासपीठांवरून फारसा ऐकूं येत नाहीं.

पहिली गोष्ट यरुशलेमांतील. ज्यानें घरोघर शिरून विश्वासणाऱ्यांस बंदींत टाकलें होतें तो शौल आतां शिष्यांत मिळूं पाहत होता, आणि कोणाचाही त्याजवर विश्वास बसेना. ही भीति अवाजवी होती असें कोण म्हणेल? हेर असाच येतो. अशा वेळीं बर्णबानें त्याला प्रेषितांकडे नेलें व त्याची हकीकत स्वतः सांगितली. शौल खोटा निघता तर त्याच्याबरोबर बर्णबाचेंही नांव बुडालें असतें. शिफारसपत्र लिहिणें निराळें आणि एखाद्याचा हात धरून त्याच्यासह आंत जाणें निराळें. शिफारसपत्रें आपल्या कचेऱ्यांत पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट अंत्युखियाची. तेथें हेल्लेणी लोक विश्वास ठेवूं लागले, तेव्हां यरुशलेमच्या मंडळीनें बर्णबास पाठविलें. काम भरभराटीस आलें, पुष्कळ लोक मिळाले. आतां येथें क्षणभर थांबून त्याच्या जागीं स्वतःला ठेवून पाहावें. गर्दी वाढत आहे, कीर्ति होत आहे, वरिष्ठांचा भरंवसा आहे. या वेळीं त्यानें काय केलें? तो तार्सास गेला. आखाताला वळसा घालून जाणारी ती वाट लांबची आहे. तेथें मागें पडलेल्या शौलाला त्यानें हुडकून काढलें व अंत्युखियास आणलें, आणि एक वर्षभर दोघांनीं मिळून मंडळीला शिकविलें. शौल आपल्याहून अधिक शिकलेला आहे, गमलिएलाच्या पायांशीं बसलेला आहे, हें त्याला ठाऊक असलेंच पाहिजे.

पुढें काय झालें तें प्रेषितांच्या कृत्यांत नांवांच्या क्रमावरून दिसतें. प्रथम “बर्णबा व शौल” असा उल्लेख येतो. तेराव्या अध्यायाच्या मध्यावर पौल बोलूं लागतो आणि तेथून बहुतकरून “पौल व बर्णबा” असें होतें. यरुशलेमच्या सभेंत मात्र जुना क्रम परत येतो, कारण तेथल्या लोकांना बर्णबाच आधींचा ओळखीचा. लूकानें याजवर एक शब्दही लिहिलेला नाहीं. बर्णबानें तक्रार केली असें नाहीं, आणि आपली नम्रता कोणाला दाखविली असेंही नाहीं. आपल्याकडे पत्रिकेवर नांव खालीं छापलें म्हणून वार्षिक सभेला न येणारे लोक आहेत. त्यांची नांवनिशी येथें देत नाहीं; वाचकांस ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पहिल्या फेरींत योहान मार्क हा तरुण त्यांच्या मदतीस होता. पंफुल्यांतील पिर्गा येथें तो त्यांना सोडून यरुशलेमास परतला. कां, हें लूक सांगत नाहीं. दुसऱ्या फेरीच्या वेळीं बर्णबानें त्याला पुन्हां घ्यावें असें म्हटलें, पौलानें साफ नाकारलें, आणि वाद इतका तीव्र झाला कीं ते दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राकडे गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे.

या ठिकाणीं पुष्कळ उपदेशक घाईनें सांगतात कीं दोन फेऱ्या निघाल्या, कार्य दुप्पट झालें, सर्व ठीक झालें. मला हें पटत नाहीं. दोन जिवलग सोबती तुटले हें शास्त्र लपवीत नाहीं, मग आपण कां लपवावें? आणि पौलाचें म्हणणें चुकीचें होतें असेंही मी म्हणणार नाहीं. लूस्त्र येथें त्याला दगडमार करून मेला म्हणून गांवाबाहेर ओढून टाकलें होतें. अशा वाटेवर अर्ध्यांतून परतणारा सोबती इतरांचा जीव धोक्यांत घालतो. कामाकडे पाहिलें तर पौल बरोबर होता. पण बर्णबा कामाकडे पाहत नव्हता. तो मार्काकडे पाहत होता. एकदां पळालेल्या तरुणाला “तूं या कामाचा नव्हेस” असें सांगितलें तर फेरी वांचते, परंतु तो तरुण आयुष्यभर पिर्ग्याहून परत येतच राहतो. आणि ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नव्हता अशा एका मनुष्याला पूर्वीं यरुशलेमांत याच बर्णबानें हात दिला होता, ही गोष्ट पौलाला तरी विसरतां येण्यासारखी नव्हती.

मार्क हा बर्णबाचा भाऊबंद होता, हें कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रावरून कळतें. तेव्हां कोणी म्हणेल, हें सर्व नात्यागोत्याचें प्रेम होय. आक्षेप हलका नाहीं. भाचा, पुतण्या व जांवई यांच्यासाठीं आपल्या संस्थांत किती खुर्च्या राखल्या जातात तें उघड आहे. परंतु बर्णबानें मार्काला खुर्ची दिली नाहीं. त्यानें त्याला पुन्हां वाट दिली. तेंच ऊन, तीच तहान, तोच धोका. आपल्या घरच्या मुलाला पुढें आणणाऱ्या वडिलांनीं एवढेंच तपासावें कीं आपण त्याला जागा देत आहों कीं काम.

शेवटीं तुरुंगांतून तीमथ्यास लिहितांना पौल मार्काला घेऊन ये म्हणून सांगतो, कारण तो सेवेसाठीं उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय घडलें हें आपल्याला दिसत नाहीं. परंतु जो उपयोगी झाला तो ज्याच्या सोबतींत झाला त्याचें नांव त्या वाक्यांत नाहीं.

आतां एक शंका. आपल्या महाराष्ट्राला गुरुपरंपरा नवी नाहीं. येथें गुरूवांचून मार्ग नाहीं अशी शिकवण शतकानुशतकें चालत आली आहे. पण प्रभूनें तर शिष्यांना बजावलें कीं तुम्हीं गुरु म्हणवून घेऊं नये. तुमचा गुरु एक आणि तुम्ही सर्व भाऊ. मग एका पाळकानें दुसऱ्याला हाताखालीं घ्यावें हें कोणत्या अधिकारानें? माझें उत्तर असें कीं अधिकारानें घेऊंच नये. आपल्यासारखाच दुसरा घडविणें हें गुरूचें काम असेल. वडील भावाचें तें काम नव्हे. वडील भाऊ वाट दाखवितो, आणि धाकटा वेगळ्या पायवाटेनें गेला तरी त्याचें जेवण झांकून ठेवतो.

याचें आपल्या प्रांतांतील एक उदाहरण देतों. तें मंडळीच्या पुढाऱ्याचें नव्हे, तरी विषयाला लागू आहे. 1907 सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाला ‘बालकवि’ हें नांव मिळालें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं या मुलाला अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याला पोटच्या मुलासारखें वागविलें. टिळक 1895 सालीं बाप्तिस्मा घेतलेले, ख्रिस्ताविषयीं बोलावयास कधीं न कचरणारे. तरी ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहींत, आणि त्यांची कविता टिळकांच्या कवितेची नक्कल झाली नाहीं. त्या घराचें दार त्यामुळें बंद झालें नाहीं. ख्रिस्ती मनुष्यानें दिलेली सोबत अटीवर दिलेली नसते हें त्या घरानें दाखविलें. आपल्या हाताखालचा तरुण आपल्याच आवाजांत उपदेश करूं लागला, आपल्यासारखेच हात हालवूं लागला, तर संतोष मानण्यापूर्वीं थोडें भ्यावें.

दुसरें उदाहरण तमिळ देशचें. 1910 सालीं एडिंबरो येथें जगांतील मिशनांची मोठी परिषद भरली. तेथें व्ही. एस. अजरया हे पस्तीस वर्षांचे हिंदी गृहस्थ बोलावयास उभे राहिले. परदेशीय मिशनऱ्यांनीं आमच्यासाठीं मालमत्ता दिली, देह झिजविला, याबद्दल कृतज्ञता सांगून त्यांनीं आणखी एक मागणी केली: आम्हांला मित्र द्या. सभेला तें बोचलें. वर बसून दिलेली मदत आणि शेजारीं बसून दिलेली मदत यांतील फरक त्यांनीं उघडा केला होता. दोन वर्षांनीं, 1912 सालीं, ते दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन मंडळींतील ते पहिले हिंदी बिशप होत. या नेमणुकीला विरोध होत असतां मद्रासचे बिशप व्हाइटहेड त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. मागणी करणाराही पाहिजे आणि पाठीशीं उभा राहणाराही पाहिजे. आणि त्या मागणीचा रोख आज केवळ परदेशीयांकडे राहिलेला नाहीं. मिशनऱ्यांचे बंगले आपल्या हातीं आले, त्यांच्या खुर्च्या आपल्या हातीं आल्या. त्या खुर्चीवर बसून धाकट्या सेवकाला दारांत उभें ठेवण्याची रीतही आपण त्याबरोबर घेतली काय, हें प्रत्येक ज्येष्ठ पाळकानें आपल्या मनाशीं पाहावें.

हें काम दीक्षित पाळकांचेंच आहे असेंही नाहीं. अपुल्लोस हा मोठा वक्ता, शास्त्रांत निपुण. पण त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. त्याला ज्यांनीं अधिक नीट समजावून सांगितलें तीं प्रिस्किल्ला व अक्विला हीं तंबू शिवून पोट भरणारीं नवराबायको होतीं. त्यांनीं सभास्थानांत उठून त्याची चूक काढली नाहीं. त्याला आपल्याकडे बोलावून घेतलें. आपल्या मंडळ्यांत पन्नास वर्षें शब्बाथशाळा चालविलेल्या बाया आहेत, कोणत्या घरांत कोणतें दुःख मुरलें आहे हें जाणणारे निरक्षर वडील आहेत. नवा पाळक त्यांच्या ओसरीवर बसला तर एका पावसाळ्यांत पुष्कळ शिकेल. त्यांनींही त्याच्या उपदेशांतील उणें मंदिराच्या पायरीवर न बोलतां त्याच ओसरीवर बोलावें.

राहिला खर्चाचा प्रश्न, कारण वडिलांच्या सभेंत तोच आधीं निघतो. जुन्या पाळकानें बदलीनंतर तीन महिने दर पंधरवड्यास यावें, नव्याला बरोबर घेऊन गांवें फिरावीं, घरें दाखवावीं, दोन अंत्यविधि व एक तंटा त्याच्यासमोर चालवावा आणि तिसरा त्याला चालवूं द्यावा, तर काय लागेल? सहासात फेऱ्यांचें मोटारभाडें आणि ज्या घरीं उतरतील त्या घरचीं दोन भाकरी-कोरड्यास. मंदिराच्या रंगासाठीं आपण याहून अधिक जमवितों. मंडळीच्या येत्या सभेंत ही बाब खर्चाच्या यादींत घालावी, आणि ज्या मंडळीला एकटीला झेपत नसेल तिनें शेजारच्या मंडळीशीं बोलून दोघींत वांटून घ्यावी.